भाऊजींनी थोडक्यात सांगितलं

९ डिसेंबर, मंगळवार. नांदेड.

एकालाच वर आयसीयूत सोडतात. रोज संध्याकाळी डॉक्टर एका नातेवाइकाला बसवून तब्येत सांगतात, कागदावर सही घेतात. बाकीचे सगळे खाली हॉलमध्ये. आमच्याकडून भाऊजी जातात. उमाशंकर, यांचे धाकटे भाऊ.

यांना... नाव लिहितेच, वहीत कोण बघतंय! मल्लेशना शनिवारी इथे आणलं. जळकोटच्या डॉक्टरांनी उदगीरला पाठवलं, उदगीरच्यांनी नांदेडला. पोटात स्वादुपिंड असतं, त्याला सूज आलीय. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मीच वर गेले होते. नळ्या बघितल्या आणि डोळ्यांपुढे अंधार आला, खालीच बसले. सिस्टर म्हणाल्या, "यांना परत पाठवू नका हो. पेशंट सांभाळू का यांना सांभाळू?" तेव्हापासून भाऊजी.

आज दहा-पंधरा मिनिटांत खाली आले.
"स्थिर आहे."
एवढंच?
"हाव वहिनी. काळजीचं न्हाई."

वही घेतली होती औषधांची नावं लिहायला. लिहून राहिले भलतंच.

१० डिसेंबर, बुधवार

"कालसारखंच."

११ डिसेंबर, गुरुवार

शेजारी भोकरच्या साखराबाई आहेत. त्यांच्या मुलाला साप चावलाय. त्या स्वतः वर जातात आणि खाली येऊन अख्ख्या हॉलला ऐकवतात. डॉक्टर काय म्हणाले, त्यावर ह्या काय म्हणाल्या, सिस्टरने तोंड कसं केलं, सगळं! आज मला म्हणाल्या, "तुमचा दीर काय तारेचे पैसे भरून बोलतो का ओ बाई? एक शब्द, दोन शब्द, संपलं!"

हसू आलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

भाऊजींची सवयच ती. लातूरला आडतीत दिवाणजी आहेत. दिवसभर कानाला फोन. सोयाबीन इतकं, तूर तितकी, आवक कमी, भाव स्थिर. ठेवला. लगेच पुढचा फोन. समोरच्याला त्याहून जास्त ऐकायला वेळ नसतो.

यांचं बरोबर उलटं. मोटार रिवायंडिंगचं दुकान. बोअरची जळालेली मोटार कुणी आणली, की ती का जळाली ते सांगायला बसतात. व्होल्टेजपासून सुरुवात, मग स्टार्टर, मग त्या माणसाच्या मेव्हण्याने केबल कुठून घेतली तिथपर्यंत. गिऱ्हाइकाचा दोनदा चहा होतो. घरी आले की तेच. मी म्हणते, मुद्द्याचं सांगा. म्हणतात, "मुद्दा कळायला आधीचं कळाय नको का?"

आता वर कुणाला सांगत असतील?

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून लेक आली, अक्षरा. एकटी, बसने. दहावीचं वर्ष आहे, पण म्हणाली, घरी पुस्तक डोळ्यांपुढे ठरत नाही. अव्वांजवळ शेजारच्या बाई थांबल्यात. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई.

भाऊजी आज रक्तासाठी पळत होते. सात वाजता एकदाचे टेकले.
"श्वासाचं मशीन लावलंय. आराम पडावा म्हणून."
बोलले का काही?
"झोपेचं इंजेक्शन दिलंय आता."

अक्षरा जेवली नाही. प्रवासाने दमली असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

काल "स्थिर". आजही "स्थिर".

आज धीर करून विचारलं. भाऊजी, हे माझं नाव काढतात का? मला विचारतात का?
"मशीनवर बोलता येत न्हाई वहिनी."
त्याच्या आधी? आधीचे सात दिवस?
त्यांचा फोन आला. बाहेर गेले.

साखराबाईंच्या मुलाला सुट्टी मिळाली. जाताना माझ्या हातात अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवून गेल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी नऊला भाऊजी खाली आले. संध्याकाळचे येणारे ते सकाळी आले.

आज एक शब्दही बोलले नाहीत.

२९ डिसेंबर, सोमवार. जळकोट.

यांना आपल्या रीतीने बसवून माती दिली. मागची पूजा, गणाराधना, झाली. स्वामी येऊन गेले. पाहुणे गेले. मंडपवाला बांबू घेऊन गेला.

पत्रिका उरल्यात, गठ्ठाभर. "लिं. मल्लेश विरूपाक्ष." आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिं. लिहितात. लिंगैक्य झाले. एक अक्षर, एक टिंब. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, तासन्‌तास बोलणारा. एका अक्षरात!

कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. मला यांचा राग आलाय. सात दिवस शुद्धीवर होते. वीस पायऱ्या खाली मी. मला एकदाही बोलावलं नाही. आयुष्यभर "अंजू, हे ऐक" "अंजू, इकडे ये" आणि शेवटी एक निरोप नाही. असं कसं? रडू येतं ते यानेच जास्त येतं.

८ जानेवारी, गुरुवार

विम्याच्या कामाला दवाखान्याचा कागद लागतो. फाईलमधून काढला. वर ठळक इंग्रजीत डेथ समरी. खाली नऊ ओळी. अकरा दिवस, नऊ ओळी. शेवटची ओळ: सर्व प्रयत्न करूनही.

अक्षराच्या डिक्शनरीत बघितलं. समराइज, क्रियापद: मुख्य मुद्दे थोडक्यात सांगणे, सार देणे. खाली वापरून दाखवलंय: तिने दोन तासांचं भाषण पाच वाक्यांत समराइज केलं.

अक्षराला विचारलं, तुम्हाला हे असतं ना परीक्षेत? म्हणाली, असतं. उतारा देतात, त्याची समरी लिहायची. साधारण एक तृतीयांश. उदाहरणं गाळायची, तेच तेच आलेलं गाळायचं. आपल्या शब्दांत लिहायचं. आपलं मत घालायचं नाही. उताऱ्यात नाही ते घालायचं नाही.

मी म्हटलं, म्हणजे छाटायचं.

"छाटायचं नाही मम्मी! सर सांगतात, ऊस दोन पेरं तोडून दिला तर ती समरी नाही. रस काढून दिला तर समरी. ज्याने ऊस बघितलाच नाही त्याला पण चव कळली पाहिजे."

सर हुशार दिसतात.

"आणि मुख्य मुद्दा राहिला तर?" मी विचारलं.

"मग बाकीचं कितीही चांगलं लिहा. चूकच."

पेन खाली ठेवून अव्वांना गोळी द्यायला गेली.

१९ जानेवारी, सोमवार

नऊ ओळींवर विमावाल्यांचं भागत नाही. सगळी फाईल पाहिजे म्हणाले. भाऊजी म्हणाले, मी आणतो. मी म्हटलं, राहू द्या, तुमची सुट्टी कशाला मोडता. खरं म्हणजे मला एकदा एकटीने त्या हॉलमध्ये जायचं होतं.

कंधारमार्गे बस. हॉलमध्ये माझ्या खांबाजवळ नायगावकडचं एक कुटुंब बसलेलं. उभी राहिले थोडा वेळ. त्यांना वाटलं मी जागा मागायला आले. सरकून दिली बिचाऱ्यांनी.

रेकॉर्डच्या खिडकीवर चौसष्ट पानं दिली. येताना बसमध्ये चाळली. प्रत्येक दिवसाचा एक वेगळा कागद आहे. डॉक्टरांनी नातेवाइकाला काय सांगितलं तो. हाताने लिहिलेला, इंग्रजीत. खाली सही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले, पण डॉक्टरांचं अक्षर! लोहा गेल्यावर डोकं दुखायला लागलं. घरी जाऊन बघू.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी स्वयंपाक उरकून बसले ती चार वाजेपर्यंत. एकेक शब्द डिक्शनरीत काढला. ही वही शेजारी उघडून ठेवली.

९ डिसेंबर. मला: स्थिर आहे, काळजीचं नाही. कागदावर: प्रकृती गंभीर. मूत्रपिंडावर परिणाम सुरू. जिवाला धोका आहे याची कल्पना दिली.

१० डिसेंबर. मला: कालसारखंच. कागदावर: कालच्यापेक्षा वाईट. लघवी कमी, धाप वाढली.

११ आणि १२ तसंच.

१३ डिसेंबर. मला: आराम पडावा म्हणून मशीन. कागदावर, वेळ चार दहा:

पेशंट शुद्धीवर. ओळखतो, बोलतो. पत्नीला भेटायचं म्हणतो. नळी घातल्यावर बोलता येणार नाही. नंतर शुद्ध येईलच असं सांगता येत नाही. त्याआधी एका नातेवाइकाने पाच मिनिटं भेटून घ्यावं. नातेवाइकाला समजेल अशा भाषेत सांगितलं.

खाली सही. उमाशंकर.

त्याच्याखाली वेगळ्या शाईत: चार पस्तीस. एका नातेवाइकाने भेट घेतली. पाच मिनिटं.

पत्नीला भेटायचं म्हणतो.

मी "वाइफ" हा शब्दसुद्धा डिक्शनरीत काढून बघितला. मला येतो तो शब्द. तरी बघितला.

२१ जानेवारी, बुधवार

एक महिना मी यांच्यावर रागावून होते. गेलेल्या माणसावर. फोटोपुढे दिवा लावायचे तो सुद्धा मान वळवून.

हे कुणी करवलं माझ्याकडून?

२२ जानेवारी, गुरुवार

एका नातेवाइकाने. म्हणजे माझी पाच मिनिटं भाऊजींनी घेतली.

२५ जानेवारी, रविवार

भाऊजी आले. दर रविवारी लातूरहून येतात. दुकान उघडून ज्याची त्याची मोटार परत देतात. त्यांना यातलं काही येत नाही, फक्त नावं वाचून देतात.

पाणी दिलं आणि कागद पुढे ठेवला. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. पण तारखेवर बोट थांबलं.

"वहिनी, डॉक्टर अर्धा-अर्धा घंटा बोलायचे. निम्मं तर मलाच कळत नव्हतं. समदं तसंच खाली येऊन सांगितलं असतं तर तुम्ही राहिल्या असत्या का? पहिल्या दिवशी काय झालं ते बघितलं की मी."

म्हणून काळजीचं नाही म्हणून सांगायचं? ते डॉक्टर म्हणाले होते का तुम्ही म्हणत होता?

"मी."

बरं. ते सोडा. तेरा तारखेचं सांगा. मला बोलावलं होतं.

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

चार पस्तीसला वर कोण गेलं?

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग जमिनीकडे. "मीच गेल्तो."

काय म्हणाले हे?

"काही न्हाई. तब्येतीचंच."

पाच मिनिटं तब्येतीचंच?

"हाव."

बाजेवरून अव्वा म्हणाल्या, "सोड की अंजू. गेलेलं माणूस येतंय का आता?"

मी म्हटलं, माणूस येत नाही अव्वा. बोललेलं येतं. कुणी सांगितलं तर.

इतकं मोठ्याने मी या घरात कधी बोलले नव्हते. भाऊजी उठले. दुकानाच्या किल्ल्या ओट्यावर ठेवून गेले. अक्षरा आत नळ सोडून उभी होती. बादली भरून वाहत होती तरी तिचं लक्ष नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आज मी समरी केली. अक्षराच्या सरांच्या नियमाने. तेरा तारखेच्या कागदाची.

आधी सगळा उतारा लिहिला. मग एक तृतीयांश. वेळ गेली, नळी गेली, पाच मिनिटं गेली. "पत्नीला भेटायचं म्हणतो" राहिलं. आणखी कमी केलं. अर्ध्या ओळीत आणलं. तरी तेच राहिलं. दुसरं काहीही काढता येतं, ते काढता येत नाही. शाळेतल्या पोरीला जमलं असतं.

भाऊजींनी नेमकं तेच काढलं.

अक्षराला दाखवायला गेले. बरोबर आहे का बघ म्हटलं. वहीकडे बघितलं न बघितलं. "मला नाही कळत दवाखान्याचं." उठून गेली. मीही काय, पोरीला बापाचा कागद दाखवते! कुणाला दाखवू पण?

५ फेब्रुवारी, गुरुवार

लोकांना सांगताना मी बघते आहे स्वतःला. काय झालं होतं हो? पोटात सूज. किती दिवस होते? अकरा. शुद्धीवर होते का? होते की.

संपलं. मलाही तेवढंच येतं.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र.

भाऊजी पूजेला आले. अव्वांनी बोलावलं असणार. मी विभूतीचं ताट पुढे सरकवलं, बोलले नाही. त्यांनीही काही मागितलं नाही. पूजा झाल्यावर ओट्यावर बसून राहिले.

मग मीच बाहेर जाऊन सांगितलं. मनात पंधरा दिवस जुळवलेलं होतं, एका दमात सांगितलं. भाऊजी, परीक्षा झाली की मी अक्षराला घेऊन नायगावला भावाकडे जाते आहे. अव्वांना तुम्ही लातूरला न्या. दुकान विका नाहीतर ठेवा. आमच्याकडे येत जाऊ नका. अजून एक संधी देते. त्या पाच मिनिटांत हे काय बोलले ते सांगा. शब्दन्‌शब्द.

ते चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. म्हणाले, "न्हाई सांगता येत वहिनी. तुम्ही म्हणाल तसं करा."

राग आला असता तर भांडले तरी असते! तसंच ऐकून घेतलं. चप्पल घातली, गेले.

अव्वा आतून ऐकत होत्या. अंगारा लावलेलं कपाळ घेऊन दारात आल्या. "दोन पोरं होती मला. एक मातीत बसवला. दुसऱ्याला तू उंबऱ्याबाहेर बसवून राहिलीस."

त्यांचं एक गेलं, एक आहे. माझं जे गेलं त्याचं शेवटचं बोलणं भाऊजींच्या खिशात आहे आणि ते काढून देत नाहीत. कुठल्या कामाचं आहे ते त्यांना?

१८ फेब्रुवारी, बुधवार

भावाला फोन केला. या म्हणाला. खोली रिकामी करतो म्हणाला. अक्षराला सांगितलं तर एवढंच विचारलं, "काका येणार नाहीत मग कधीच?" नाही म्हटलं. पुस्तक उघडं ठेवून तासभर एकच पान बघत होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अक्षरा समोर येऊन बसली. इंग्रजीचा पेपर तोंडावर, आणि पुस्तक मिटून.

म्हणाली, तेरा तारखेला वर काका गेले नव्हते. ती गेली होती.

भाऊजी तिला जिन्यात भेटले, रक्त आणायला पळताना. म्हणाले, मम्मीला वर पाठव, पप्पा बोलावून राहिलेत. पुढचं, नळीचं, नंतर बोलता येणार नाही ते, त्यांना पोरीला सांगवेना. गाळलं. ती खाली आली तर मी खांबाला टेकून झोपलेले. मला आठवतसुद्धा नाही. "वाटलं, तू उद्या भेटशील. म्हणून मीच गेले." नंतर तिला सगळं कळलं तेव्हा काका म्हणाले, तू बोलायचं न्हाई, माझ्यावर येऊ दे.

वर गेल्यावर यांनी विचारलं, मम्मी कुठाय? ही म्हणाली, झोपलीय, उठवून आणू?

मास्क हाताने बाजूला केला म्हणे. "नको. झोपू दे तिला. मला लई सांगायचंय, उद्या निवांत सांगतो."